रोजच्या फेरीत दिसणारा किनाऱ्याचा इतिहास

प्रश्न : समुद्रकाठच्या गावात रोज फिरताना गावाचा जुना इतिहास कोणत्या खुणांवरून ओळखावा?

उत्तर : प्रथम जुन्या भिंतींतले दगड पाहावेत. शिडाची जहाजे मालाविना निघत, तेव्हा तोल राखण्यासाठी त्यांच्या तळाशी दगड भरत आणि माल चढवताना ते बंदरात उतरवत. म्हणूनच आसपासच्या खडकाशी न जुळणारा दगड धक्क्याच्या फरसबंदीत आढळला, तर तो परमुलखातून आलेला असू शकतो. अर्थात, एकाच दगडावरून निष्कर्षाची घाई करू नये. पाण्यापासून दूरच्या एखाद्या गल्लीच्या नावात ‘धक्का’ टिकून असेल, तर भरावाने किंवा गाळाने किनारा पुढे सरकला असावा, हे जुन्या नकाशाशी ताडून पाहता येते. दीपगृह असल्यास त्याचे भिंग अवश्य पाहावे. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या रचनेचे, काचेच्या कड्यांनी बनलेले भिंग १८२३ मध्ये फ्रान्समधील कोर्दुआँ दीपगृहात प्रथम बसवले गेले.

फेरीची वेळ मात्र ठरावीक नसावी. भरती-ओहोटी रोज साधारण ५० मिनिटे उशिरा येते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटीचे पाणी बरेच खाली जाते, तेव्हाच एरवी बुडालेले जुन्या धक्क्याचे खांब उघडे पडतात.