तुम्ही विचारलंय: भाऊ चर्चला येत नाही. त्याच्या तारणाची, म्हणजे पापातून सुटकेची, जबाबदारी माझ्यावर आहे का? आणि विश्वासानेच तारण होत असेल तर माणसाच्या हातात उरतं काय?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. दुसऱ्याचं उत्तर मला जमेल तेवढं खाली देते, पण आधी तुम्हाला माझ्या आत्याबद्दल ऐकावं लागेल.

आमचं घर नगरचं. अहिल्यानगर झालं तरी तोंडात नगरच येतं. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरात आलं आणि पुढे कधीतरी आमच्या खापरपणजोबांनी बाप्तिस्मा घेतला. आजी बायबलबाई, म्हणजे बायकांना बायबल सांगत खेडोपाडी पायी फिरलेली. अशा घरांत तारणसुद्धा वडिलोपार्जित वाटायला लागतं, सातबाऱ्यावर नाव चढल्यासारखं. त्या घरातले माझे वडील बावीस वर्षं चर्चची पायरी चढले नाहीत. चर्चच्या जागेवरून कमिटीत वाद झाला, चारचौघांत त्यांना खोटं पाडलं, त्या रविवारपासून बंद. नाताळला आई-मला लूनावरून आणून सोडायचे आणि उपासना संपेपर्यंत बाहेर लिंबाखाली शेंगा खात बसायचे. आतलं गाणं मात्र त्यांना पाठ असायचं.

१९८९ला, दहावीच्या सुट्टीत, माझं दृढीकरण झालं, म्हणजे मोठेपणी चर्चमध्ये विश्वासाची कबुली दिली. नवा आवेश. बाबा रेशनच्या रॉकेलच्या रांगेत उभे होते, मी डबा द्यायला गेले आणि तिथेच त्यांना येशूचा दहा कुमारींचा दाखला ऐकवला. पाच जणींचं तेल संपलं, उसनं मिळालं नाही, दार बंद झालं. बाबा, तुमच्या दिव्यात तेल आहे का?

बाबा म्हणाले, "हितं तुझ्या वाटचं मी उभा राहतो. तिथल्या तेलाचं माझं मी बघीन."

अख्खी रांग हसली. मी महिनाभर त्यांच्याशी नीट बोलले नाही. पण दाखल्याचा अर्थ मला संडेस्कूलपेक्षा त्यांनीच नीट सांगितला, हे कळायला वीस वर्षं गेली.

२००९ला ते गेले. पाळकसाहेबांनी दफनविधी छान केला, एक शब्द वावगा नाही. तिसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या माणसांसमोर आत्याने बायबलातल्या यहेज्केल संदेष्ट्याचा तेहतिसावा अध्याय काढला. पहारेकऱ्याने तलवार येताना बघूनही कर्णा फुंकला नाही, तर मेलेल्याच्या रक्ताचा जाब त्याला द्यावा लागेल. वाचून झाल्यावर तिने आईकडे बघितलं. आई उठली आणि चहा टाकायला गेली. दोन दिवसांत तिने इतका चहा टाकला होता की घरात साखर उरली नव्हती.

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता देते. त्याच यहेज्केलचा अठरावा अध्याय वाचा. बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले, ही म्हण इस्राएलात यापुढे चालायची नाही, असं देव तिथे ठणकावतो. बापाचं बापाकडे, लेकाचं लेकाकडे. आणि तेहतिसाव्यातही पहारेकऱ्याचं काम कर्ण्यापाशी संपतं. ज्याने तो ऐकला त्याचं पुढचं तो बघेल. आमच्या घरात कर्णा वाजला होता, रॉकेलच्या रांगेत, मीच वाजवला होता.

आत्या संत ऑगस्टिनच्या आईचं, मोनिकाचंही उदाहरण द्यायची: आई वर्षानुवर्षं रडली, म्हणून ऑगस्टिन सुधारला. अहो, रडली खरी, पण ३८६ साली मिलानच्या बागेत तळमळत बसला होता तो ऑगस्टिन, आई नाही. लांब कशाला, आपले नारायण वामन टिळक घ्या. त्यांनी १८९५ला बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला १९००ला, मधली वर्षं दूर राहून, रडून, भांडून, स्वतःचं स्वतःला पटल्यावर. नवऱ्याचा बाप्तिस्मा बायकोला लागू झाला नाही. टिळकांसारख्या माणसाला जे जमलं नाही ते माझ्या आईने करायला हवं होतं म्हणे.

तुमचा दुसरा प्रश्न. पौल फिलिप्पैकरांना पत्रात (अध्याय २, वचन १२) सांगतो की भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, आणि लगेच पुढच्या वचनात म्हणतो की इच्छा आणि कृती दोन्ही तुमच्यात देवच घडवतो. एका दमात दोन्ही. एकटं बारावं वचन धरलं की माणूस स्वतःच्या बळावर तारण मिळवता येतं म्हणणाऱ्या पेलागियसच्या वाटेला जातो, आणि ती शिकवण कार्थेजच्या परिषदेने ४१८ सालीच मोडीत काढली. एकटं तेरावं धरलं की हातपाय गाळून बसायला मोकळा. आत्या बारावं वाचते आणि बायबल मिटते. माझ्यापुरतं मी असं धरते की हाक त्याची, ओ आपली. तान्हेपणी पाणी शिंपडलं तरी दृढीकरणाला स्वतःच्या तोंडाने कबुली द्यावी लागते, ती याचसाठी. १९७०ला अनेक प्रॉटेस्टंट चर्च एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (सीएनआय) स्थापन झाली तेव्हा बालबाप्तिस्मा आणि प्रौढांचा, दोन्ही रीती ठेवल्या, हे मला शहाणपणाचं वाटतं.

तेव्हा भावाला एकदा सांगा, स्पष्ट सांगा, आणि मग त्याच्याबरोबर जेवा. दर रविवारी टोमणा मारू नका. त्याच्या बायकोला तर मुळीच नाही.

हे सगळं मी प्रॉटेस्टंट म्हणून लिहितेय. वसईकडचे कॅथलिक वाचक म्हणतील की मेलेल्यांसाठी आम्ही प्रार्थना करतो, त्याचं काय. त्यांच्याकडचा विचार वेगळा आहे, त्यांना विचारा. भाऊ दारूत किंवा कर्जात बुडत असेल तर माझा "एकदा सांगा" हा सल्ला विसरा, तिथे गप्प बसायचं नसतं. आणि हो, मी बाबांची मुलगी आहे, तटस्थ नाही.

आत्या आता चौऱ्याऐंशीची आहे. डोळे गेलेत, म्हणून रविवारी दुपारी मीच तिला वाचून दाखवते. गेल्या महिन्यात मुद्दाम यहेज्केल अठरा काढला. तिने शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाली, "डोळे गेलेत माझे, कान नाही. तेहतिसावा काढ."