बाळंतविड्याचं कापड निवडताना

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. वेलवेटचा सूट, जाळीचे फ्रॉक, हातमोजे-पायमोजे, तीन तऱ्हेच्या टोप्या, आणि सगळ्यात खाली, "मावशी, सगळं इथलंच आणि सुतीच घ्यायचं ठरवलंय, पण सुरुवात कुठून करू?" ठरवलंस ते मला मनापासून आवडलं. यादी मात्र बाजूला ठेव. आधी कापड बघू, कपडे मागाहून.

तू बाळंतपणाला चिपळूणला जाणार, तेही आषाढात. घरात दमट, बाहेर पाऊस, आणि बाळाला मात्र सगळे जण गुंडाळून ठेवणार. अशा हवेत अंगालगत काय आहे यावर सारं अवलंबून असतं. कापूस स्वतःच्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के ओलावा सहज धरून ठेवतो. पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही, त्यामुळे घाम कातडीवरच राहतो. तान्ह्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते आणि अंगातली उष्णता सांभाळणं त्याला अजून नीट जमत नसतं. मग मानेच्या वळ्यांत, काखेत, जांघेत घामोळं उठतं आणि पोर किरकिरतं. घरचे म्हणतात, पोट दुखत असेल.

दुकानात गेलीस की "कॉटनसारखं", "कॉटन टच", "कॉटन ब्लेंड" हे शब्द ऐकू येतील. यांपैकी एकाचाही अर्थ सुती असा नाही. बांबूचं म्हणून जे मऊशार कापड दाखवतात, ते बहुतेक वेळा बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून काढलेलं व्हिस्कोस असतं. वाईट असतं असं नाही, पण बांबूच्या नावाने जास्त पैसे मोजायचं कारण नाही. शंका आली तर कडेचे चार धागे सोडवून घरी आण. उभा आणि आडवा, दोन्ही घे, कारण कधी ताणा सुती असतो आणि बाणा नसतो. चिमट्यात धरून ताटलीवर पेटव. सुती धागा कागदासारख्या वासाने जळतो आणि उरलेली राख बोटाने चुरली की भुकटी होते. पॉलिस्टर आधी आक्रसतं, वितळतं आणि टोकाला काळा कडक मणी धरतं. राखेत बारीक खडे हाताला लागले, तर ते पॉलिस्टर मिसळलेलं टेरीकॉटच समज, दुकानदार काहीही म्हणो.

आता 'इथलं' म्हणजे काय ते बघू. विदर्भात कापूस पिकतो, इचलकरंजीत यंत्रमागावर पॉपलिन, केंब्रिक, धोतरं विणली जातात, कोल्हापुरात माझ्यासारख्या बायका शिवतात. हे सगळं आपलंच आहे. पण यंत्रमागाचं कापड कोणी हातमागाचं म्हणून विकू लागलं तर मान्य करू नकोस. हातमागासाठी २००६ पासून वेगळं चिन्ह आहे, आणि खादी म्हणजे सूतही हाताने कातलेलं, कापडही हाताने विणलेलं. खादी भांडारात अंगालगत घालण्याजोगी तलम मलमल मिळते, ती बरीचशी बंगालची असते. ती जरूर घे. मैलांचा हिशेब मी इतका काटेकोर धरत नाही. कापड कुठल्या मागावरचं, धुतलंय का, रंगवलंय कशात, हे ज्याला विचारता येईल आणि जो खरं सांगेल, तो दुकानदार माझ्या लेखी जवळचा.

आणि इथलं आहे, नैसर्गिक आहे, म्हणून बाळाला चालेलच असंही नाही. आपल्या दख्खनी मेंढीची घोंगडी मला फार प्रिय आहे, पण ती लोकर राठ असते, तान्ह्याच्या अंगाला टोचते. सोलापुरी चादर त्याच्यासाठी जड. कोरं मांजरपाट खाली अंथरायला उत्तम, झबल्याला नको. रंगाचंही तसंच. घातक अ‍ॅझो रंगांवर आपल्याकडे १९९७ पासून बंदी आहे, तरी पहिल्या महिन्यात पांढरं किंवा बिनरंगाचं घालावं हे माझं मत आहे. पांढऱ्यावर शी-शूचा रंग, बेंबीतून आलेला ओलावा, अंगावरची पुरळ लगेच दिसते. नैसर्गिक रंग म्हणून विकलेली नीळसुद्धा घामाने सुटते.

नव्या कापडाला खळ असते, म्हणून शिवण्याआधीच गरम पाण्यात भिजवून, चोळून, दोनदा खळबळून वाळव. आटायचं तेवढं तेव्हाच आटतं. आपल्या घरांत बारशापर्यंत बाळाला जुन्या कपड्यांतलंच घालायची रीत आहे, ती मला अजूनही पटते. आजीचं जुनं सुती नऊवारी किंवा आजोबांचं विरलेलं धोतर यांच्याइतके मऊ लंगोट कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. फक्त एक गोष्ट आईला आजच सांग. ते लुगडं ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवलेलं असेल तर तसंच बाळाच्या अंगाला लावू नका. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं विकर जन्मतः कमी असतं. डांबरगोळीतल्या नॅफ्थलिनने त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ झपाट्याने वाढते. तुझं बाळ त्यातलं आहे की नाही हे तपासणी केल्याशिवाय कळत नाही. तेव्हा डांबरगोळ्यांचे कपडे बाळाच्या वाटेला नकोतच. दुसरं जुनं कापड शोधा. यापुढे ठेवणीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला, पण बाळाचे कपडे त्यातून काढले की झटकून, धुऊनच वापरा.

शिवायचं झबलं पुढून उघडं, एकावर एक येणारं, बाजूला बांधायचे बंद असलेलं. डोक्यावरून ओढायचं झबलं मान न धरलेल्या बाळाला घालताना नवी आई घाबरते. बंद त्याच कापडाचे, आखूड, कमरेपाशी. गळ्याशी नाडी नाही, नायलॉनची रिबन नाही, मणी नाहीत, टिचबटणंही नकोत. शिलाईच्या कडा आत दुमडून दुसरी शिलाई मार, म्हणजे आतून टोचणार नाही. विकतच्या झबल्याला आतून ओव्हरलॉक असेल तर सरळ उलटं करून घाल, कोण बघतंय! प्रत्येक कपडा घालण्यापूर्वी आत बोट फिरवून सुटा दोरा कापून टाक. मोज्यातला एक दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळला गेला तर रक्त अडतं, आणि बाळ रडतं ते कशाने, हे कपडे उतरवल्याशिवाय कळत नाही. हातमोजे म्हणूनच मला आवडत नाहीत. नखं काप, हात मोकळे राहू देत. भूक लागली की बाळ मूठ तोंडाकडे नेतं, ती खूण तुला दिसायला हवी.

संख्या सांगते. पावसाळा आहे, म्हणून लंगोट तीसेक, झबली दहा, पातळ दुपटी आठ. ३६ इंच पन्ह्याच्या एका मीटरात दोन झबली आरामात निघतात. जाड फ्लॅनेलची दुपटी दोनच. चिपळुणात ती दोन-दोन दिवस वाळणार नाहीत, मलमलीचं पंख्याखाली रात्रीत वाळेल. दमट राहिलंच तर दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री फिरव. शेगडीच्या धुरावर मात्र वाळवू नका. धुराचा वास कापडात बसतो आणि तेच कापड बाळाच्या नाकाशी येतं. सुवासिक पाणी, सॉफ्टनर यांचीही गरज नाही, एकदा जास्त खळबळणं पुरतं. दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ ताणून आवळू नका. खुब्याचा सांधा अजून कच्चा असतो, पाय बेडकीसारखे वर दुमडता आले पाहिजेत.

सासूबाईंनी विणायला घेतलेल्या स्वेटर-टोपीचं विचारलंस. बाजारात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक ॲक्रिलिकच असते. तरी त्यांना विणू दे, त्या टाका-टाका मोजून विणतायत. आत मलमलीचं झबलं घालून बारशाला तासभर घाल, फोटो काढ, त्यांना बरं वाटेल. घरात झोपताना मात्र टोपी, कुंची काढून ठेवायची, कारण बाळाची बरीचशी उष्णता डोक्यातूनच बाहेर पडते. बाळाला गरम होतंय का, हे हातापायावरून बघू नकोस, ते गारच असतात. मानेच्या मागे हात लाव. तिथे घाम लागला तर एक थर कमी कर.

या आठवड्यात कापड बघायला गेलीस तर घेण्याआधी वीतभर नमुना मला पाठव, जाळून कळवते. लंगोटाचं आणि झबल्याचं कागदी माप याच पाकिटात आहे. शिवणीसाठी अर्धा इंच धरलाय, आणखी सोडू नकोस.

तुझी,
मावशी