१९६३ च्या ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या विज्ञानकथा मालिकेचे शीर्षकसंगीत सिंथेसायझरवर वाजवले होते का?

नाही, मूळ शीर्षकसंगीतात सिंथेसायझर नव्हता. बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये, म्हणजे कार्यक्रमांसाठी खास ध्वनी व संगीत तयार करणाऱ्या विभागात, डेलिया डर्बीशायर यांनी डिक मिल्स यांच्या मदतीने ते चुंबकीय फितीचे तुकडे जोडून घडवले. या कामाची पद्धत दोघांनीही पुढे मुलाखतींत सांगितली आहे. छेडलेल्या एका तारेचा आवाज ध्वनिमुद्रित करायचा, फितीचा वेग कमीजास्त करून त्यातून हवे ते स्वर मिळवायचे, प्रत्येक स्वराच्या लांबीएवढी फीत ब्लेडने कापायची आणि तुकडे क्रमाने चिकटवायचे, असे ते काम होते. वरच्या स्वरांतली मुख्य चाल मात्र ऑसिलेटरमधून आली, म्हणजे उपकरणे तपासण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या साध्या स्वरजनकातून. एकाच फितीवर अनेक आवाज वेगवेगळे ध्वनिमुद्रित करण्याची (अनेक ट्रॅकांची) सोय नसल्यामुळे वेगवेगळ्या फिती एकाच क्षणी सुरू करून त्यांचे मिश्रण करावे लागे, आणि एखादा स्वर चुकीच्या जागी पडल्याचे जाणवले की फिती इमारतीतल्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये उलगडून नेमका कोणता जोड चुकला आहे हे शोधावे लागे. अर्थात मूळ स्वररचना संगीतकार रॉन ग्रेनर यांचीच आहे. डर्बीशायर यांनाही श्रेय मिळावे ही ग्रेनर यांची इच्छा बीबीसीच्या तेव्हाच्या धोरणामुळे पूर्ण झाली नाही, आणि मालिकेच्या श्रेयनामावलीत डर्बीशायर यांचे नाव २०१३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, आले, ही खरोखर खेदाची गोष्ट आहे. सिंथेसायझरवरची आवृत्ती १९८० ची, पीटर हॉवेल यांची.