अपघाताला सहा महिने झाले, हाड जुळलं, तरी भाऊ स्कूटरला हात लावत नाही. त्याला धीर कसा द्यायचा?

तुम्ही लिहिलंय की ब्रेक करकचला तरी तो दचकतो, रात्री ओरडत उठतो, आणि घरचे म्हणतात, ‘मन घट्ट कर.’ मी फोंड्यात फिजिओथेरपिस्ट आहे, अपघातातून उठलेली माणसं रोज बघते. मन कच्चं असल्यामुळे हे होत नाही. ते वाक्य घरात आधी बंद करा.

जिवावर बेतलं की विचार करायच्या आत मेंदूतला अमिग्डला हा भाग अख्ख्या शरीराला सावध करतो. कुणी पळतो, कुणी जागीच थिजतो. ते कुणी ठरवून करत नाही. म्हणून ‘तेव्हा उडी का नाही मारलीस?’ असं विचारणाऱ्या पाहुण्यांना कृपा करून अडवा. बहुतेक जण काही आठवड्यांत सावरतात. महिना उलटूनही स्वप्नं, दचकणं, टाळणं चालूच राहिलं आणि रोजचं जगणं अडलं, तर तो पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर जडणारा मानसिक ताणविकार, असू शकतो. १९८० साली अमेरिकी निदानपुस्तिकेत हे नाव आलं ते मुख्यतः व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांमुळे, पण रस्त्यावरच्या अपघातानंतरही तो होतो.

तो बोरीचा पूल टाळून लांबचा वळसा घेतो, याकडे नीट लक्ष द्या. पूल टाळला की त्याला हायसं वाटतं. पण मेंदू त्यातून एवढंच शिकतो की टाळलं म्हणून वाचलो, आणि भीती मुरत जाते. ती मोडायची तर हळूहळू जवळ जावं लागतं: आधी बंद स्कूटरवर नुसतं बसायचं, मग अंगणात एक फेरी, मग नाक्यापर्यंत. पुढची पायरी कधी, हे त्यानंच ठरवायचं. त्या दिवशी त्याच्या हातात काहीच उरलं नव्हतं, म्हणून आता जबरदस्ती नको. अपघाताची हकिकतही खोदून काढू नका. तो बोलला तर ऐका.

देवळात गाऱ्हाणं घालायचं असेल, दृष्ट काढायची असेल, तर जरूर करा. घर पाठीशी आहे हे त्याला त्यातून कळतं. फक्त त्यापायी उपचार लांबवू नका. आणि झोप यावी म्हणून संध्याकाळचा पेग अजिबात नको, दारूनं झोप आणखी मोडते.

सहा महिने म्हणजे आता तज्ज्ञांकडे जायलाच हवं. आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला मदत करणारा बोलण्याचा उपचार) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करत ती आठवण हाताळायचा उपचार) या दोन्ही उपचारांनी गुण येतो. गोमेकॉजवळ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजजवळ, बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे. ‘बांबोळीला नेलं म्हणजे वेड लागलं’ असं बोलणाऱ्यांनी किती जणांना दारातूनच परत फिरवलंय, याचा मला फार राग येतो. तो अजून तयार नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर कधीही मोफत बोलता येतं, त्याच्यासाठी तुम्हीही फोन करू शकता. पहिल्या भेटीला बरोबर जा, आणि तुम्ही आत यायचं की बाहेर थांबायचं, ते त्यालाच विचारा.