मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर किती आणि खरे तास किती?

तुम्ही विचारलंय की मुंबई–न्यूयॉर्क अंतर साडेबारा हजार किलोमीटर, विमान ताशी ९०० ने जातं, म्हणजे १४ तास. मग एका तिकिटावर सहाच तास आणि दुसऱ्यावर २२ तास का दिसतात, आणि आईवडिलांसाठी कोणतं घ्यावं?

अंतर बरोबर आहे, साधारण १२,५४० किमी. पण ते भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरा. तो अरबस्तान-आफ्रिकेकडे जातच नाही. थेट वायव्येला चढतो, नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक असं करत खाली उतरतो. आईला घेऊन गेलो तेव्हा समोरच्या पडद्यावर विमानाचं चित्र वर वर सरकताना बघून ती घाबरली होती, "अरे, हे भलतीकडेच चाललंय की!" म्हणून. निघण्याआधी घरीच हे दाखवायला हवं होतं असं तेव्हा फार वाटलं. तुम्ही नक्की दाखवा.

प्रत्यक्षात विमान त्या दोऱ्यावरून जाईलच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना हवाई हद्द बंद केली, तसं काही झालं की वळसा पडतो. शिवाय वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. म्हणून थेट विमानाला जाताना १५-१६ तास धरा, येताना बहुधा त्याहून थोडे कमी.

सहा तास दिसतात ते घड्याळामुळे. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. जूनमध्ये रात्री दोनला निघालेलं विमान साडेपंधरा तास उडून त्याच दिवशी सकाळी आठला उतरतं.

२२ तासांचं तिकीट एका थांब्याचं असणार. गंमत अशी की दुबईमार्गे अंतर वाढतं जेमतेम ४०० किमी, लंडनमार्गे तर २०० च्या आसपास. वेळ खातो तो थांबा: उतरणं, पुन्हा तपासणी, पुढच्या विमानाची वाट. तरीही गुडघे दुखत असतील तर सलग १६ तास बसण्यापेक्षा मध्ये तीन-चार तासांचा थांबा मला बरा वाटतो. दीड तासाचा मात्र अजिबात घेऊ नका, पहिलं विमान थोडं जरी लांबलं तरी जीव टांगणीला लागतो. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा.

आणि परतीची तारीख नीट बघा. तिथून १० तारखेला सकाळी निघालेलं विमान इथे ११ ला उतरतं. माझा भाऊ पुण्याहून गाडी घेऊन एक दिवस आधीच मुंबईला येऊन थांबला होता. घ्यायला येणाऱ्याला निघण्याची नाही, पोहोचण्याची तारीख कळवा.