दुखतंय ते वहीत लिहा

या महिन्यात दम, जिद्द आणि मनाचा कणखरपणा यांवरचीच पत्रं जास्त आली. त्यांतली तीन घेते आहे. शेवटचं पत्र सगळ्यात महत्त्वाचं आहे. घरात धावणारी मुलगी असेल तर ते आधी वाचा.

ताई, मी ४३ वर्षांचा, बाणेरला राहतो, आयटीत काम करतो. डिसेंबरात हाफ मॅरेथॉन धावायची आहे. आठवड्यातले पाच दिवस सकाळी साडेपाचला निघून सहाच्या पेसने, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं, दहा किलोमीटर धावतो. त्याहून हळू झालं तर दिवस फुकट गेल्यासारखा वाटतो. तरी दोन वर्षं २ तास ५ मिनिटांवरच अडकलो आहे. सोळाव्या किलोमीटरनंतर मन हार मानतं. किपचोगेसारख्या मॅरेथॉनपटूंचं मन इतकं कणखर कसं होतं?

तुमच्या मनाला दोष देण्याआधी तुमचेच आकडे बघू या. २१ किलोमीटरची हाफ २ तास ५ मिनिटांत म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं ५५ सेकंद. तुमचा रोजचा सराव सहाच्या पेसने. म्हणजे तुम्ही आठवड्यातून पाच वेळा शर्यतच धावता, आणि खऱ्या शर्यतीला थकलेले पाय घेऊन उभे राहता.

एलियुड किपचोगेने २०२२ साली बर्लिनमध्ये २ तास १ मिनिट ९ सेकंदांत मॅरेथॉन धावली. किलोमीटरला साधारण २ मिनिटं ५२ सेकंद. हाच माणूस केनियात कप्तागतच्या कॅम्पवर साध्या दिवशी किलोमीटरमागे एक-दीड मिनिट हळू धावतो, सुरुवातीचे किलोमीटर तर त्याहूनही हळू. आठवड्याला दोनशे किलोमीटरच्या आसपास धावतो, पण जोर लावतो तीनच दिवस, आणि त्या दिवशीही ऐंशी टक्क्यांच्या पुढे जात नाही, असं त्याने स्वतः मुलाखतींत सांगितलं आहे. नॉर्वेत राहून संशोधन करणारे स्टीफन सायलर यांनी नौकानयन, स्कीइंग, सायकलिंग अशा वेगवेगळ्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंचा सराव तपासला. सगळीकडे जवळपास तोच हिशेब निघाला: दहातले आठ सराव सोपे, दोन कठीण.

सोपं धावणं म्हणजे आराम नाही. हळू आणि दीर्घ धावण्यात स्नायूंमधल्या केशवाहिन्या वाढतात, पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या भट्ट्या, वाढतात, हृदयाचा डावा कप्पा मोठा होऊन एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतो. ही कामं सावकाश होतात, वर्षानुवर्षं चालतात. तुमचा सहाचा पेस ना धड हळू, ना धड जोराचा. थकवा मात्र रोज साठत जातो, आणि मग खरंच जोर लावायची वेळ येते तेव्हा अंगात काही उरलेलं नसतं.

मग हळू म्हणजे किती? माझ्याकडे धावायला शिकणाऱ्या मुलांना मी घड्याळ बघू देत नाही, वारकरी आठवायला सांगते. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या घरातली वाट, आणि चालताना तोंडाने अभंग चालूच. ज्या वेगात तुम्हाला अभंगाचं एक कडवं न तुटता म्हणता येईल, तो तुमचा सोपा पेस. तुमच्या बाबतीत तो सव्वासातच्या आसपास निघेल असा माझा अंदाज आहे. तीन दिवस तसं धावा. एक दिवस एआरएआयच्या टेकडीच्या चढावर सहा वेळा दोन-दोन मिनिटं जोरात वर, चालत खाली. रविवारी लाँग रन, सव्वासातनेच, हळूहळू अठरा किलोमीटरपर्यंत नेत. लोक बाजूने पुढे निघून जातील. जाऊ द्या. पहिले तीन आठवडे हेच सगळ्यात अवघड जातं.

आता मनाबद्दल. वेल्समधल्या बँगोर विद्यापीठात सॅम्युएल मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सोळा जणांना एके दिवशी दीड तास संगणकावर डोकं शिणवणारं काम दिलं, दुसऱ्या एका दिवशी तेवढाच वेळ माहितीपट दाखवले, आणि दोन्ही दिवशी दमून थांबेपर्यंत सायकल चालवायला लावली. डोकं शिणलेल्या दिवशी ते सरासरीने लवकर थांबले. हृदय आणि फुप्फुसं दोन्ही दिवशी सारखीच काम करत होती. फरक इतकाच की तोच जोर त्यांना जास्त वाटत होता. तुम्ही पत्रात पुढे लिहिलं आहे की आठवड्यातून तीन रात्री अमेरिकेशी कॉल असतात आणि झोपायला एक वाजतो. तरी साडेपाचला निघता. त्या तीन सकाळी निघू नका. संध्याकाळी धावा, नाहीतर झोपा. किपचोगेच्या कॅम्पवर सगळे रात्री लवकर झोपतात, दुपारीही झोप काढतात, आणि ती झोप सरावातच धरली जाते.

कणखर मन म्हणजे सहन करत राहणारं मन, असं तुम्हाला वाटतं. मलाही वाटायचं. १९८८ साली मी वीस वर्षांची होते, ३००० मीटर धावायचे. राज्य स्पर्धेला सात आठवडे असताना उजव्या नडगीत दुखायला लागलं. बोट ठेवून दाखवता येईल अशी एकच जागा, रुपयाच्या नाण्याएवढी. सर रोज विचारायचे, ‘पाय कसे आहेत?’ मी रोज म्हणायचे, ‘मस्त.’ रात्री आईकडून पाय शेकून घ्यायचे आणि तिलाही सांगायचे की पोटरी भरून आली आहे. पाचव्या आठवड्यात पर्वतीच्या पायऱ्या उतरताना पाय टेकवेना. हाडाला चीर गेली होती. तो हंगाम गेला, पुढचाही गेला. सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘पाय तुझा आहे. मला तू सांगशील तेवढाच दिसतो.’ ते वाक्य मी इतकी वर्षं जपून ठेवलं आहे.

म्हणून सणस मैदानावर येणाऱ्या प्रत्येक मुलाकडे मी वही ठेवायला लावते. रोज तीन गोष्टी: झोप किती झाली, दुखतंय कुठे, आणि जोर एक ते दहामध्ये किती वाटला. किपचोगेही वर्षानुवर्षं हाताने वही लिहितो. पेस मी नंतर बघते. हळू धावूनही जोर ‘सात’ लिहिलेला सलग तीन दिवस दिसला की त्या मुलाला मी घरी पाठवते. दुखण्याचं म्हणाल, तर दोन्ही पायांत सारखी पसरलेली आणि वेग कमी केला की विरणारी जळजळ चालते, तिच्याशी मैत्री करायची. एका बोटाने दाखवता येतं ते दुखणं लगेच सांगायचं, त्याच दिवशी थांबायचं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये किपचोगे तीस किलोमीटरनंतर कंबरदुखीने थांबला. दोन वेळचा ऑलिंपिक विजेता, सगळं जग बघत असताना. त्या दिवशी माझ्या मुलांना मी तेच दाखवलं.

ताई, मी २१ वर्षांचा. मूळ गाव भोर तालुक्यात, पुण्यात पोलीस भरतीची तयारी करतो. सोळाशे मीटरमध्ये दम पुरत नाही. मित्र म्हणतात, रोज सिंहगड चढ, उंचीवर सराव केला की रक्त वाढतं. खरंच का? आणि मी उशिरा सुरुवात केली का?

सिंहगड साधारण तेराशे मीटर उंच. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढायला दोन हजार मीटरच्या वर तीन-चार आठवडे मुक्काम करावा लागतो. आपले धावपटू त्यासाठी उटीला जातात, केनियाचं इटेन चोवीसशे मीटरच्या आसपास आहे. दीड तासात गड चढून उतरणाऱ्याच्या रक्ताला उंचीचा पत्ताही लागत नाही. पायांना मात्र लागतो. आतकरवाडीच्या वाटेने आठवड्यातून एकदा चढ, मांड्या आणि पोटऱ्या तयार होतील. उतरताना धावू नकोस, भरतीच्या तोंडावर गुडघा गेला तर वर्ष जाईल. सोळाशेसाठी आठवड्यातून एकदा ४०० मीटर सहा वेळा, मध्ये दोन मिनिटं चालणं, आणि पहिला-सहावा एकाच वेळेत आला पाहिजे. पहिला जोरात आणि सहावा रडत, असं झालं तर तुझा दम कमी नाही, तुझी सुरुवात चुकते आहे.

उशीर झालेला नाही. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला. सियाचीनला होता. त्यानंतर धावू लागला, आणि स्टीपलचेसला, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीला, तर २०१७ साली हात घातला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या धावपटूंमध्ये घुसून त्याने ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य घेतलं.

ताई, माझी मुलगी १६ वर्षांची, हडपसरला राहतो. ३००० मीटर धावते. वर्षभरात सहा किलोने उतरली, वेळही सुधारली, कोच खूश आहेत. पण चार महिने पाळी आलेली नाही. ती म्हणते, ‘आई, सगळ्या चांगल्या धावपटूंचं असंच असतं.’ भात-पोळी बंद केली आहे. मी काळजी करते ते चुकतंय का?

नाही. तुमचं बरोबर आहे, आणि मुलीला मिळालेली माहिती चुकीची आहे.

शरीराला खर्चाइतकं अन्न मिळालं नाही की ते ज्या गोष्टींवाचून आज भागतं त्या बंद करतं. पाळी त्यांतली पहिली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेला ‘रेड-एस’ असं नाव दिलं, म्हणजे खेळातली ऊर्जेची तूट. पाळी थांबते तेव्हा इस्ट्रोजेन घटतं, आणि हाडं झिजू लागतात. सोळावं वर्ष तर हाडं भरण्याचं. आयुष्यभराची हाडांची पुंजी याच वयात जमा होते. सुरुवातीचे काही महिने वजन घटल्यामुळे वेळ सुधारते, आणि त्यामुळेच सगळे फसतात.

अमेरिकेची मेरी केन १७ व्या वर्षी, २०१३ च्या जागतिक स्पर्धेत १५०० मीटरच्या अंतिम फेरीत धावली. पुढे तिला सतत वजन कमी करायला सांगण्यात आलं. २०१९ साली तिने जाहीरपणे सांगितलं की तीन वर्षं तिची पाळी बंद होती आणि पाच हाडं मोडली. मुलीला ही गोष्ट सांगा. आणि सातारा जिल्ह्यातल्या मोहीच्या ललिता बाबरचीही सांगा, जी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. तिथवर पोहोचायला वर्षं लागतात. उपाशी अंगाने इतकी वर्षं कुणी टिकत नाही.

या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घ्या. नुसतं हिमोग्लोबिन बघून ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्यांवर थांबू नका, लोहाचा साठा त्याआधीच रिकामा होतो. पाळी आणायला नुसत्या गोळ्या दिल्या तर विचारा की मूळ कारणाचं काय. डॉक्टरांशी बोलताना थोडा वेळ तिला एकटीला आत राहू द्या. तुमच्यासमोर ती ‘मस्त’ म्हणेल. मी म्हणायचे तशीच.

पोळी आणि भात परत ताटात आणा. धावून आल्यावर अर्ध्या तासाच्या आत दूध-केळं किंवा शेंगदाण्याचा लाडू, भूक असो वा नसो. मैदानावर जाण्याआधी रिकामं पोट नको. घरात वजनाचा काटा असेल तर उचलून शेजारी ठेवायला द्या. डॉक्टर सांगेपर्यंत जोराचे सराव बंद, आणि हे कोचना तुम्ही सांगा, तिच्यावर ते ओझं टाकू नका.

कोच ऐकत नसतील तर मला परत लिहा. मी हडपसरला येऊन त्यांच्याशी बोलेन. तपासणीत फेरिटिन किती आलं तेही कळवा.