ताई, आर्ट्स घेऊ का?

प्रश्न: ताई, दहावीला ८४ टक्के पडलेत, मला अकरावीला आर्ट्सच घ्यायचंय पण बाबा म्हणतात एवढे मार्क असून आर्ट्स कशाला. आणि विषय कुठले घेऊ?

उत्तर: अगं, मार्क चांगले म्हणजे सायन्सच, हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. बाबांना एवढं सांग की बारावीनंतर पाच वर्षांच्या लॉची सीईटी कुठल्याही शाखेची मुलं देतात, यूपीएससी-एमपीएससीलाही बहुतेक पदांना कुठलीही पदवी चालते. पण इंजिनिअरिंग, मेडिकलची वाट बंद होते, तेही मोकळेपणाने सांग, लपवू नकोस. आता विषय. इंग्रजी सगळ्यांनाच, त्यासोबत मराठीसारखी दुसरी भाषा, आणि चार विषय तू निवडायचे, तिथेच मुलं चुकतात, मैत्रिणीने घेतला म्हणून घेतात. स्पर्धा परीक्षा मनात असेल तर इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र घे, हेच तिथे परत भेटतात. माणसांच्या मनाबद्दल कुतूहल असेल तर मानसशास्त्र, पण ते सगळ्या कॉलेजांत नसतं गं, म्हणून फॉर्म भरायच्या आधी कॉलेजात जाऊन विचार. आणि बारावीची इतिहास, अर्थशास्त्राची पुस्तकं बालभारतीच्या साइटवर फुकट आहेत, दोन-दोन धडे बाबांसोबत बसून वाच.